मास्तरांनी घेतलेली वाफ

मास्क कसा लावावा हे गावाला शिकवायचं काम माझ्याकडं होतं, आणि मीच मास्क हनुवटीवर ओढून हळदीच्या वाफेत तोंड घालून उभा राहिलो. आजूबाजूला सात-आठ माणसं खोकत होती. मीही खोकत होतो, आणि खोकता खोकता त्यांना सांगत होतो, की बाबांनो, गर्दी करू नका.

हे कसं झालं ते सांगतो. ऐकून तुम्हाला समजेलच असं नाही, कारण मलाही अजून नीट समजलेलं नाही.

मी आरोग्य सेवक. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखालच्या एका गावात, उपकेंद्रावर माझी नेमणूक होती. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा, मागं सिस्टरचं क्वार्टर आणि अंगणात कडुलिंब. कर्मचारी आम्ही दोघंच. एक मी आणि दुसऱ्या सिस्टर. त्यांना गाव नुसतं 'बाई' म्हणायचं, म्हणून मीही बाईच म्हणायचो. गावातली निम्मी तरुण मंडळी बाईंच्या हातावर जन्मलेली. मिशा फुटलेली पोरंसुद्धा रस्त्यात बाई दिसल्या की शर्टाचं वरचं बटण लावायची.

कोरोना आला तेव्हा मला जिल्ह्याला बोलावून पीपीई किट घालायचं शिकवलं, आणि मुख्य म्हणजे काढायचं. मी ते असं मन लावून शिकलो की परत आल्यावर शिकवायचं काम माझ्याकडंच आलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळ्यांना समोर बसवून मी किट काढून दाखवायचो. आधी हे, मग हात, मग ते, मग पुन्हा हात. शेवटी एक भाषण ठोकायचो. "किट घालून पेशंटसमोर उभं असताना आपल्याला काही होत नाही, कारण तिथं आपण भ्यालेलो असतो. आपल्याला रोग लागतो तो चहाच्या वेळी, गाडीत बसल्यावर, 'चला, झालं एकदाचं' म्हटल्यावर!" टाळ्या पडायच्या. तेव्हापासून बाई मला 'मास्तर' म्हणायला लागल्या. आता त्यात कौतुक किती आणि टोमणा किती याचा हिशेब मी कधी काढला नाही. भाषण मात्र इतक्या वेळा दिलं, की त्यातला अर्थ माझ्यापुरता झिजून गेला आणि नुसता आवाज राहिला.

दुसऱ्या लाटेच्या वेळेला तर आम्हा कर्मचाऱ्यांचे लसीचे दोन्ही डोस झालेले. मी गावातून असा चालायचो, की कोरोनानंच मला बघून गल्ली बदलावी.

बाई तशा चालत नव्हत्या. त्यांना कारण होतं. त्यांची एकुलती एक लेक दिवस भरत आल्यामुळं बाळंतपणाला हिंगोलीला माहेरी आली होती. लग्नाला बरीच वर्षं झालेली. आधी दोनदा पोटात राहून गेलेलं. त्यामुळं हे तिसरं सगळ्यांनी तळहातावर धरलं होतं. लेक घरी आली त्या दिवसापासून बाईंनी स्वतःच्या घराचा उंबरठा ओलांडला नाही. क्वार्टरमधेच राहायच्या. कामासाठी हिंगोलीला गेल्या, तर घराच्या फाटकाबाहेर उभं राहून लेकीशी बोलायच्या आणि पिशवी फाटकाला अडकवून परत यायच्या. रजा मंजूर झाली होती. रजा लागली की तपासणी करायची, ती निगेटिव्ह आली की घरात पाऊल ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"एवढ्या गावच्या लेकरांना पहिला हात माझा लागला," त्या म्हणायच्या. "मग माझ्या नातवंडाला काहून दुसऱ्याचा लागावा? त्याला मीच घेणार हातात."

म्हणून उपकेंद्रात बाईंचा कायदा चालायचा. व्हरांड्यातल्या लांब बाकड्याच्या एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला मी, आणि मधे लेकरं तोलायचा वजनकाटा, सरहद्दीच्या दगडासारखा. चहा त्या आपला आपल्या कपात, भिंतीकडं तोंड करून प्यायच्या. मी जरा वजनकाट्याकडं सरकलो, की नुसतं "मास्तर" म्हणायच्या. मी लगेच मागं.

त्यात हळदीचा हंगाम आला.

मी मूळचा सेनगाव तालुक्यातला, कोरडवाहू भागातला. आमच्याकडं तूर, सोयाबीन आणि आभाळाकडं बघणं ही तीन मुख्य पिकं. हळद मला माहीत होती ती वरणातली आणि नवरदेवाच्या अंगावरची. ती शिजवतात हे मला या गावात आल्यावर कळलं. उन्हं तापायला लागली की ट्रॅक्टरला जोडलेला मोठा कुकर शेताच्या कडेला येऊन उभा राहतो. खाली जाळ, वर पाणी, बाजूच्या पिंपांत जमिनीतून काढलेली ओली हळद. पाण्याची वाफ पिंपांत सोडायची, हळद शिजली की झाकण काढून पिंप उपडं करायचं. झाकण निघालं की वाफेचा लोट उठतो आणि वास गावभर होतो. उग्र, कडवट, ओल्या मातीचा. तो कपड्यांना लागतो, उशीला लागतो, भाकरीलाही लागतो. हंगाम संपेपर्यंत गावात दुसरा वास नाही.

त्या साली कुणीतरी उठवलं, की हळदीच्या वाफेनं कोरोना जळून जातो. मग काय! कुकर ज्याच्या शेतात, त्याच्या शेतात संध्याकाळी माणसं. मोठ्या डॉक्टरसाहेबांचा मला फोन आला, "तुमच्या गावात लोक वाफ घ्यायला जमून राहिलेत म्हणे. जाऊन बंद करा."

मी गेलो. कुकरचे मालक एक वयस्कर काका होते, उत्साही, सदा हसतमुख. तोंडाला मास्क नव्हता, डोक्याला दस्ती होती.

"या साहेब, या! टायमावर आले. आत्ताच झाकण काढून राहिलो."

"काका, झाकण राहू द्या. ही गर्दी काहून जमवली?"

"मी कुठं जमवली? वाफेनं जमवली."

"वाफेनं कोरोना जात नसतो, काका."

"तुमी घेतली का कधी?"

"न्हाई."

"मग तुमाला कसं ठाव?"

याला शास्त्रीय उत्तर आहे. ते मला पाठही होतं. पण ते आठवेपर्यंत मागून कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या काका, साहेब भ्याले." दुसरा म्हणाला, "साहेबाला आदत न्हाई. कोरडवाहू माणूस हाय."

तालुक्याच्या इज्जतीचा प्रश्न झाला. शिवाय खरं सांगायचं तर त्या दिवशी सकाळपासून मी किट घालून लोकांच्या नाकात काड्या घालत होतो. त्या उन्हात किटच्या आत माणूस म्हणजे पोत्यात बांधलेलं मांजर. डोकं ठणकत होतं, नाक चोंदल्यासारखं झालं होतं आणि समोर ती गरम वाफ. म्हटलं, एक मिनिट घेऊन बघू. आतून माहिती काढल्याशिवाय बंदी तरी कशी घालायची?

मास्क लावून वाफ घेता येत नाही. मी तो खाली ओढला. काकांनी झाकण काढलं.

वाफ इतकी दाट होती की शेजारच्याचं तोंड दिसेना. त्यामुळं मला मनापासून वाटलं, की अंतर पाळलं जातंय. घशाला हळद लागली आणि सगळेच खोकायला लागले. सगळ्यांत जास्त काका.

"हळदीचा ठसका हाय, साहेब," ते छाती धरून म्हणाले. "दर साली होतो. तकलीफ काही न्हाई."

त्या वाफेत हळदीनं खोकतंय कोण आणि कोरोनानं खोकतंय कोण हे ओळखणं साक्षात धन्वंतरीलाही जमलं नसतं. मी तर आरोग्य सेवक. पण मी तिथं उभा राहून, मिशीवरून पाणी गाळत, माझं भाषण दिलं. चहाच्या वेळी रोग लागतो, असंही सांगितलं. लोकांनी माना हलवल्या. मग काकांनी चहा आणला. तो मी घेतला.

उपकेंद्रावर परत आलो तर बाई व्हरांड्यात. त्यांनी लांबूनच बघितलं.

"मास्तर, मिशीला हळद! दुसरं लगीन लावून आले काय?"

खोटं बोलायला वाव नव्हता, तोंडच पिवळं होतं. सगळं सांगून टाकलं. बाईंनी कपाळावर हात मारला, साबण माझ्याकडं फेकला आणि माझ्यासाठी एक खुर्ची व्हरांड्यातून उचलून कडुलिंबाखाली नेऊन टाकली. "आता तिथंच. मी म्हणेपर्यंत हिकडं यायचं न्हाई."

तीन-चार दिवस मी झाडाखालून कारभार केला. वर कावळे, खाली मी. ना ताप, ना शिंक. मग मीच हळूहळू फुशारलो. "बघा बाई, काही झालं का? वाफेत कायतरी असल बी." खुर्ची रोज थोडी थोडी व्हरांड्याकडं सरकत गेली, आणि बाईंनी ती सरकू दिली.

त्यांची रजा दोन दिवसांवर आली होती. दुपारची वेळ. लेकीचा व्हिडिओ कॉल आला. बाईंचा फोन नवा, त्यामुळं त्यांचा अंगठा नेमका कॅमेऱ्यावर. लेकीला आई दिसेना, आईला लेक दिसेना, नुसता दोन्हीकडून आरडाओरडा.

"मास्तर! या बरं हिकडं. पोरगी दिसंना!"

मी गेलो. आधी हात लांब करूनच अंगठा बाजूला करायला सांगितलं. मग बाईंच्या चष्म्यावर मास्कमुळं वाफ धरली, त्यांना पडद्यावरचं काही कळेना. मग मी जवळ गेलो. मग आणखी जवळ. शेवटी आम्ही दोघं एका फोनमधे मावायला डोक्याला डोकं लावून उभे. पडद्यावर लेक दिसली. गोल गरगरीत चेहरा, हसतेय.

"आई, मास्क काढ ना गं. किती दिवस झाले तुझं तोंड बघितलं न्हाई."

बाईंनी काढला. लेकीनं आईला डोळे भरून बघितलं. म्हणाली, "किती वाळलीस!" मग मला म्हणाली, "काका, तुमी बी काढा की. नुसते डोळेच दिसून राहिले, चोरासारखे."

मीही काढला. मग आम्ही हसलो. तिनं पोट दाखवलं, आतून लाथ मारल्याचं सांगितलं, मी म्हणालो, "आजीसारखंच दिसतंय, कुणाला जवळ येऊ देत न्हाई," आणि तिघंही तोंड उघडून, अगदी मोकळेपणानं हसलो. फोन बंद झाला. बाईंनी डोळे पुसले, मास्क वर घेतला आणि म्हणाल्या, "चला, झालं एकदाचं."

माझंच भाषण. पण ते ऐकायला त्या वेळी मास्तर वर्गात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा बाई व्हरांड्यात बसून पिशवी भरत होत्या. जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवलेली, धुतलेली, उन्हात वाळवलेली. एकेक घडी घालून ठेवत होत्या. नाकाला पदर लावला होता. मी माझ्या खुर्चीवर बसलो आणि म्हणालो, "बाई, आज काकाचा कुकर बंद दिसून राहिला. वासच न्हाई."

बाईंचा घडी घालणारा हात थांबला.

"काय म्हणले?"

"म्हटलं, कुकर बंद दिसतो."

"मास्तर," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "कुकर ह्या भिंतीच्या मागं उभा हाय. पहाटेपासून चालू हाय. माझ्या डोळ्यांतून पाणी येऊन राहिलं त्या वासानं."

मी भिंतीकडं बघितलं. भिंतीवरून पिवळट वाफ येत होती. मी जोरात श्वास ओढला. हवा आत गेली. नुसती हवा.

मग बाईंनी परीक्षा घेतली. स्वतः लांब राहून एकेक वस्तू व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवायच्या आणि मागं सरायच्या. पहिली बाटली हुंगून मी ठणकावून सांगितलं, "फिनेल."

"वास आला?"

"नाव लिहिलंय."

"डोळे मिटा!"

डोळे मिटल्यावर मी खोबरेल तेलाला पाणी म्हणालो. शेवटी त्यांनी धरणावरच्या मासेवाल्याकडून आणलेली सुकट ठेवली. सुकट! जिच्या वासानं एसटीतली माणसं सीट बदलतात. ती नाकाशी धरून मी म्हणालो, "हे काय, दुपटं का?"

हसू आलं नाही कुणाला. म्हणजे मला येणार होतं, पण बाईंचा चेहरा बघून ते परत गेलं. त्या पायरीवर बसल्या. मी ओरडा खायची तयारी करून उभा राहिलो. ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. पण त्यांनी पिशवीतली सगळी दुपटी एकेक करून बाहेर काढली, बादलीत साबणाचं पाणी केलं आणि धुतलेलीच पुन्हा धुवायला घेतली. मी कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिलो. या वेळी कुणी सांगावं लागलं नाही.

त्याच दिवशी शाळेच्या मैदानात तपासणीचा कॅम्प होता. काड्या घालायचं काम माझं होतं. आता माझ्याच नाकात घालायची म्हणून आरोग्य केंद्रातून लॅबवाला आला. ही बातमी गावात माझ्या आधी पोचली. गेल्या काही महिन्यांत गावातल्या बहुतेक नाकांत माझा हात जाऊन आला होता. ती सगळी नाकं मास्क लावून, अगदी शिकवल्यासारखं अंतर ठेवून, मैदानाच्या कडेनं उभी राहिली. इतकं शिस्तीचं अंतर त्या गावात मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"अजून आत घाला, साहेब," एक जण लॅबवाल्याला म्हणाला. "आमच्या टायमाला बराबर आत घालत व्हते."

"दुखत न्हाई म्हणत व्हते ना," एक म्हातारी म्हणाली. "नुसतं गुदगुल्या होतेत म्हणे."

काडी आत गेली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कडेनं समाधानाचा एक सुस्कारा उठला.

मी पॉझिटिव्ह निघालो. बाई निगेटिव्ह, पण त्याला अर्थ नव्हता. इतक्या लवकर काही दिसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि शिकवलं होतं मीच. काही दिवस क्वार्टरमधे एकटं राहायचं, मग पुन्हा तपासणी, तो नमुना मोठ्या लॅबला जाणार, रिपोर्ट आल्यावरच घरी. रजा चालू झाली, आणि बाई रजेवर जाऊन क्वार्टरमधेच बसल्या. आशाताई रोज कुंपणावरून त्यांना भाकरी-भाजी द्यायच्या. आशाताई म्हणजे आमच्या गावची आशा कार्यकर्ती, पायात भिंगरी आणि तोंडात रेडिओ.

मला हिंगोलीला एका वसतिगृहात केलेल्या कोविड सेंटरमधे नेलं. त्रास किरकोळ होता. थोडा ताप, अंगदुखी, तोंडाला चव नाही. लसीचे उपकार. खोलीत शिरलो तर शेजारच्या खाटेवर कोण? कुकरवाले काका! ठसका तपासला तर तो हळदीचा नव्हता.

"या साहेब, या," काका त्याच उत्साहानं म्हणाले. "तुमीच दिला ना आमाला?"

"मी? काका, त्या दिवशी तुमी खोकत होतात!"

"मी खोकत व्हतो हळदीनं. तुमी रोज कोरोनावाल्यात फिरता. आमी तर शेतात. आमाला तिथं कोण देणार? वाफ चांगली व्हती, तुमी तोंड घातलं अन् नासली."

हा खटला आम्ही सेंटरमधे रोज चालवला. बाकीचे पेशंट न्यायाधीश. बहुमत काकांकडं गेलं. मी दिलेल्या भाषणांचा आणि मी घेतलेल्या चहाचा पुरावा माझ्याच विरोधात वापरण्यात आला.

पण मनातून माझं लक्ष तिथं नव्हतं. माझं ध्यान क्वार्टरकडं. बाईंना ताप आला असेल का? मी रोज आशाताईंना फोन करायचो.

"बाई कशा आहेत?"

"बऱ्या हायेत."

"माझ्यावर चिडल्यात का?"

"तुमचं नावच घेत न्हाईत."

हे ऐकून जेवण जायचं नाही. तसंही त्याला चव नव्हती.

बाईंचा दुसरा नमुना गेला आणि रिपोर्टची वाट सुरू झाली. आणि एका सकाळी, नाश्त्याच्या पोह्यांत आम्ही चव शोधत असताना, आशाताईंचाच फोन आला.

"दादा, कळा सुरू झाल्या! पोरीला दवाखान्यात नेलं. बाई अंगणात फोन घेऊन फिरून राहिल्या. रिपोर्टचा पत्ता न्हाई."

मी उठून उभा राहिलो. दवाखाना त्याच हिंगोलीत, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. पण मला फाटक ओलांडायची परवानगी नाही. बाई तिकडं अडकलेल्या. आणि हे सगळं मी घडवलेलं. आशाताईंनी फोन चालूच ठेवला. मी तो खाटेवर ठेवून आवाज मोठा केला. सगळी खोली भोवती जमली. मी अंतर ठेवायला सांगितलं तर काका म्हणाले, "आता कशाचं अंतर? सगळेच पास झालोत."

झालं काय, तर दवाखान्यातल्या एका नर्सला बाईंनीच कधीकाळी काम शिकवलं होतं. तिनं बाईंशी जोडलेला फोन लेकीच्या उशाशी ठेवला होता. बाई क्वार्टरच्या अंगणातून इतक्या मोठ्यानं सूचना देत होत्या, की त्या कुंपणाबाहेरच्या आशाताईंच्या फोनमधून थेट आमच्या खोलीत येत होत्या.

"वरडू नको! वरडण्यात दम घालवू नको! आता श्वास घे. घे म्हणते ना! आता लाव जोर. लाव, लाव, लाव!"

आमच्या खोलीत दोन-तीन जणांनी नकळत जोर लावला. काकांना ठसका लागला.

मधेच शांतता झाली. नुसता कडुलिंबावरचा कावळा ऐकू येत होता. आशाताईही गप्प, आणि आशाताई गप्प झाल्या म्हणजे प्रकरण गंभीर. त्या शांततेत मला आधीची ती दोन आठवली, जी राहिली नव्हती. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता सांगत नाही, कारण त्यातलं बरंच द्यायचं राहिलंय.

मग आशाताई किंचाळल्या, "रडलं! रडलं! फोनमधून ऐकू आलं! पोरगी झाली! दोघी बऱ्या हायेत! बाई बसल्या बघा खाली मातीत, पदर तोंडावर घेऊन."

खोलीत अशी आरोळी उठली की सेंटरचे डॉक्टर किटसकट पळत आले. त्यांना वाटलं, कुणीतरी गेलं. काका त्यांना म्हणाले, "गेलं न्हाई डाक्टर, आलं!" मग त्यांनी घरून आलेल्या डब्यातला गूळ सगळ्यांना वाटला. मला गूळ लागला नाही, माती खाल्ल्यासारखं झालं. तरी मी दोनदा घेतला.

लेकरू आधी आलं आणि रिपोर्ट नंतर. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. आशाताई सांगत होत्या, की बाईंनी तो वाचला, चप्पल घातली, पिशवी उचलली आणि कुलूप लावायचं विसरून निघाल्या. कुलूप आशाताईंनी लावलं.

संध्याकाळी माझा फोन वाजला. बाईंचं नाव. मी खाटेवर सरळ बसलो, जसा काय त्या समोरच उभ्या होत्या.

"बाई..."

"घेतली एकदाची हातात," बाई म्हणाल्या. मागून बारीक रडणं ऐकू येत होतं. "नाजूक हाय. पण आवाज दांडगा."

"बाई, माझ्यामुळं तुमचा पहिला हात..."

"व्हय, तुमच्यामुळंच," बाई म्हणाल्या. जराही आढेवेढे नाहीत. "पहिला हात दुसरीचा लागला. लई वाईट वाटलं मला. त्या दिवशी तुमी समोर असते तर सुकटीनंच मारलं असतं."

काका शेजारच्या खाटेवर कान टवकारून.

"पण पोरगी काय म्हणती माहिती का?" बाईंच्या आवाजात हसू आलं. "म्हणती, आई, तू फोनवर व्हतीस तेच बरं झालं. खोलीत असतीस तर मला मोकळं रडू बी दिलं नसतंस. लई तरास झाला की मी फोन उशीखाली दाबत व्हते, म्हणती. बघा! मी हिकडं घसा फोडून राहिले, अन् ती मला उशीखाली घालून राहिली."

बाई हसल्या. लेक मागून हसली. मीही हसलो. आणि माझं डोकं, जे संकटात कधीच चालत नाही, ते संकट टळल्यावर लगेच चालायला लागलं.

"म्हणजे बाई," मी म्हणालो, "एका अर्थानं ते माझ्यामुळं बरंच झालं म्हणायचं. पोरीवर उपकारच झाले की माझे!"

पलीकडं लेकरूसुद्धा रडायचं थांबलं.

"बैल विहिरीत पडला," बाई म्हणाल्या, "अन् म्हणतो, मी गाळ काढायला उतरलो व्हतो. ठेवा फोन, मास्तर."